ट्रंकेतले कागद आणि ग्रुपवरची लिंक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देत आहे.

ताईंचे वडील गेल्या वर्षी वारले. आई ताईंजवळ राहते, भाऊ पुण्याला असतो. उन्हाळ्याच्या सुटीत भाचा आला आणि त्यानं आजोबांची अख्खी ट्रंक मोबाईलवर स्कॅन केली. शेताचे उतारे, खरेदीखतं, वहीच्या पानावर हातानं लिहिलेलं मृत्युपत्र, मोडीतले जुने दस्त, घरातल्या सगळ्यांची आधार आणि पॅन कार्डं, आईच्या हृदयाचे रिपोर्ट, शिवाय वडील सीमालढ्यात होते त्या काळातल्या वह्या, नोटिसा आणि नावांच्या याद्या. हे सगळं त्यानं आपल्या गूगल ड्राइव्हवर एका फोल्डरात टाकलं आणि लिंक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवली. ग्रुपवर चुलत मंडळीही आहेत. झालं, ताईंचे मामा संतापले. "घरची कागदं परदेशातल्या कंपनीच्या हवाली केलीस? रिंगरोडचं सुरू झाल्यापासून जमिनीवर सगळ्यांचा डोळा आहे. उद्या कोणीतरी नावावर करून घेईल. आणि सरकारला तर सगळं दिसतंयच." भाऊ म्हणतो, "गूगलला आपल्या उताऱ्याचं काय पडलंय? तिथं आहे तेच सुरक्षित." पत्राच्या शेवटी ताईंनी ओघात लिहिलंय, की एका बारशाच्या घरी चुलत वहिनींनी चारचौघींत आईला विचारलं, "काकू, तीन ब्लॉक आहेत म्हणे?" आईला ते फार लागलं. ताईंचा प्रश्न आहे : सगळं पुसून टाकू का?

ताई, तुमच्या पत्रात गूगल पानभर आहे आणि चुलत वहिनी एका वाक्यात. मला ते एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्हाला धास्ती आहे ती कंपनीची, सरकारची, जमीन लाटणाऱ्यांची. पण आजपर्यंत तुमचे कागद खरोखर कोणी उघडले आणि त्यानं कोण दुखावलं, एवढंच पाहिलं तर उत्तर गोतावळ्यातच सापडतं. वहिनींनी काही कुलूप तोडलं नाही. लिंक आली, त्यांनी उघडली. कोणीही उघडली असती.

म्हणून पुसायचं की ठेवायचं हे जरा नंतर ठरवू. आधी ट्रंकेतला कोणता कागद आत्ता कोणाकोणाला दिसतो आहे, ते बघू. मामा आणि भाऊ दोघांचंही म्हणणं त्याशिवाय तपासता येणार नाही, आणि दोघांचंही अर्धं खरं आहे.

मामांपासून सुरुवात करते. ड्राइव्हवर ठेवलेली फाइल वाटेत आणि तिथं पोचल्यावरही सांकेतिक रूपात असते, म्हणजे मधल्या कोणी ती पकडली तरी त्याला वाचता येत नाही. पण तो संकेत सोडवायची किल्ली कंपनीकडेच असते. मंगल कार्यालयात आपल्याला खोली मिळते, कुलूप लावून आपण हॉलमध्ये जातो, तरी दुसरी किल्ली मॅनेजरकडे असतेच, तसं. मॅनेजर रोज येऊन बॅगा उचकत नाही. पण उघडायचीच झाली तर तो उघडू शकतो. गूगलचं सांगणं असं, की ड्राइव्हमधला मजकूर जाहिरातींसाठी वापरला जात नाही. मात्र व्हायरस आणि लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं शोधण्यासाठी यंत्राकडून फाइली तपासल्या जातात, आणि कायदेशीर मागणी आली तर कंपनी माहिती देते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार तशी मागणी करू शकतं. तेव्हा मामा अगदीच हवेत बोलत नाहीत. कंपन्या चुकतातही. ड्रॉपबॉक्समधून २०१२ मध्ये सहा कोटी ऐंशी लाखांच्या आसपास खात्यांचे ईमेल आणि सांकेतिक पासवर्ड चोरीला गेले, आणि त्याचा खरा आवाका लोकांना कळला २०१६ मध्ये. चोराला आत शिरायला वाट कशी मिळाली? तिथल्या एका कर्मचाऱ्यानं दुसरीकडचाच पासवर्ड तिथंही वापरला होता.

पण सरकारला उतारा दिसेल, या भीतीत काही अर्थ नाही. उतारा सरकारचाच आहे! कर्नाटकात 'भूमी' योजनेतून उतारे संगणकावर गेले त्याला वीस वर्षं उलटून गेली. सर्व्हे नंबर माहीत असेल तर आरटीसी, म्हणजे उताराच, कोणीही ऑनलाइन बघू शकतो, तुमच्या चुलत भावालाही त्यासाठी तुमच्या ड्राइव्हची गरज नाही. नोंदवलेल्या खरेदीखताची नक्कल उपनिबंधक कार्यालयातून मिळते. नुसत्या उताऱ्याच्या फोटोवरून कोणाच्या नावावर जमीन चढत नाही.

मग काहीच धोका नाही का? आहे, पण मामा बोट दाखवतात तिथं नाही. खरेदीखताची पानं उलटून बघा. कुठंतरी सह्या असतील, फोटो असतील, आधार क्रमांक असेल आणि अंगठ्याचे ठसे असतील. हे सगळं एका जागी मिळालं, की चोराला जमिनीपेक्षा बँकेचं खातं जवळचं. आधारवर चालणारी पैसे काढायची जी सोय आहे, गावातला बँक मित्र मशीनवर अंगठा घेऊन पैसे देतो ती, तिला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढंच लागतं. ओटीपी येत नाही. ठशाची नक्कल करून पैसे काढल्याचे प्रकार देशभर झालेत. २०२३ मध्ये मंगळुरूकडे तर उपनिबंधक कार्यालयात दस्त नोंदवून आलेल्या लोकांच्या खात्यातून असे पैसे गेल्याच्या तक्रारी एकामागून एक आल्या होत्या. आईच्या खात्यावर सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार येत असतील, पेन्शन येत असेल, तर हे कपाळावर आठ्या आणण्यासारखंच आहे.

यावर उपाय सोपा आहे आणि तो ड्राइव्हशी बांधलेला नाही. आधारच्या संकेतस्थळावर किंवा एमआधार अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं. एकदा केलं की ठशावर व्यवहार होत नाही. अडचण एकच. रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल, सिम घ्यायचं असेल, तर तेवढ्यापुरतं उघडावं लागतं, आणि त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. रेशन आई आणत असेल आणि फोन तुमच्याकडे असेल तर दर महिन्याला थोडी धावपळ होईल. माझ्या मते ती सोसावी. रेशन तुमच्या अंगठ्यावर आणता येत असेल तर आईचं कायमचं बंद ठेवा आणि विषय मिटवा.

आता भाऊ. त्याला वाटतं, तिथं ठेवलं म्हणजे कायमचं राहिलं. दक्षिण कोरियात २०२५ च्या सप्टेंबरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी नोकरांनी आपली कामाची कागदपत्रं जिथं ठेवायची ती सगळी साठवण जळाली, आणि तिची दुसरी प्रत नव्हती. एका देशाच्या सरकारची ही गत. तुमची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण फोल्डर भाच्याच्या खात्यावर आहे. तो पोरगा उद्या फोन हरवेल, पासवर्ड विसरेल, जागा संपली म्हणून 'जुनं काहीतरी' पुसेल. गूगलची फुकटची जागा १५ जीबी, त्यातच मेल, त्यातच फोटो. आणि दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर ते बंद करून आतलं सगळं काढून टाकायचा अधिकार कंपनीनं स्वतःकडे ठेवलाय. अमेरिकेत एका बापानं डॉक्टरला दाखवायला आपल्या लहानग्याचा आजाराचा फोटो काढला, यंत्राला तो गैर वाटला आणि त्याचं खातंच बंद झालं. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं तरी खातं परत मिळालं नाही. २०२२ मध्ये हे प्रकरण बाहेर आलं. भाच्यानं ट्रंकेबरोबर घरचे अल्बमही स्कॅन केले असतील तर त्यातले पोरांचे आंघोळीचे फोटो तेवढे चढवू नका, इतकंच सांगते.

आणि ट्रंक तरी कुठं अमरपट्टा घेऊन आली आहे? २०१९ च्या ऑगस्टात आपल्या जिल्ह्यात किती घरांत पाणी शिरलं, किती भिंती बसल्या, हे मामांना मी सांगायला नको. पूर नाही आला तर वाळवी आहे, पावसाळ्यातली ओल आहे. भाच्यानं केलं ते काम करायलाच हवं होतं. त्याला रागावू नका, त्याच्याकडूनच पुढचं काम करून घ्या.

पहिलं काम आजच. फोल्डरच्या नावाशेजारी तीन टिंबं असतात, तिथून 'मॅनेज अ‍ॅक्सेस' उघडायचं. 'एनीवन विथ द लिंक' असं असेल तर ते 'रिस्ट्रिक्टेड' करायचं. त्याच्या खात्यावर असल्यामुळं हे त्यालाच करावं लागेल, फोनवरून सांगितलं तरी होईल. 'एनीवन विथ द लिंक' म्हणजे चुलत मंडळीच फक्त बघू शकतात असं नव्हे. त्यांच्यातल्या कोणी ती लिंक पुढं पाठवली, तर तो तिसराही बघू शकतो, आणि त्याला गूगलचं खातंही लागत नाही. त्यातच कोणाला 'एडिटर' करून ठेवलं असेल तर तो फाइल बदलू शकतो, नव्या माणसांना आत घेऊ शकतो. ग्रुपवरचा मेसेज आता मागे घेता येणार नाही, वेळ निघून गेली. पण लिंक मेली की मेसेज राहिला तरी चालतो. ज्यांनी फाइली आधीच उतरवून घेतल्यात त्यांच्या फोनमधून मात्र काहीच परत येत नाही. त्यांना सांगावंच लागेल. त्याबद्दल पुढं.

मग वाटणी. जमिनीची नव्हे, कागदांची. मी असते तर ट्रंक दोन प्रश्न विचारून लावली असती. हा कागद हरवला तर पुन्हा मिळतो का? आणि तो दुसऱ्याच्या हाती पडला तर काय बिघडतं?

उतारा पुन्हा मिळतो आणि लपवण्यासारखाही नाही, तो ड्राइव्हवर राहू दे, नसला तरी चालेल. नोंदवलेलं खरेदीखत पुन्हा मिळतं, पण त्यात ठसे आहेत. त्याचा दस्त क्रमांक, साल आणि कार्यालयाचं नाव एवढं वहीत लिहून ठेवलं तरी नक्कल काढता येते, मग अख्खा दस्त उघडा ठेवायचं कारणच उरत नाही. आधार, पॅन, गाडीचं लायसन्स यांचे फोटो तर पुसूनच टाका. त्यासाठी सरकारचं डिजिलॉकर अ‍ॅप आहे. २०१५ पासून चालू आहे, आणि त्यात सरकारी खात्याकडून थेट आलेली कागदपत्रं २०१७ पासून कायद्यानं मूळ प्रतीसारखीच धरली जातात. आपण स्वतः फोटो काढून तिथं चढवलेल्या कागदाला मात्र तो मान नाही, एवढं लक्षात असू द्या. कोणाला आधार द्यावंच लागलं तर पहिले आठ अंक झाकलेलं आधार उतरवून घेता येतं, बहुतेक ठिकाणी ते पुरतं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो पासवर्ड. चुलत मंडळींना दोन्ही पाठ असतात.

वडिलांचं मृत्युपत्र वेगळं. हातानं लिहिलेलं, बहुधा न नोंदवलेलं. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, पण मग त्याची नक्कल सरकारदरबारी कुठंच नसते. मूळ कागदच सर्वस्व. त्याची स्कॅन हवीच, पण ती सगळ्या ग्रुपला दिसायला नको. त्यात कोणाला काय दिलंय आणि कोणाला काय नाही हे आहे. भाऊ, तुम्ही आणि आई एकत्र बसून ते वाचायच्या आधीच चुलत्यांनी वाचलं असेल, तर त्याची किंमत तुम्हाला पुढं कधीतरी मोजावी लागेल. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि एकदा वकिलाला दाखवा.

मोडीतल्या दस्तांचं एक सांगते. वाचून घ्यायला म्हणून लोक फेसबुकवर अख्ख्या पानाचा फोटो टाकतात. वाचून देणारी माणसं चांगली असतात, पण आत काय लिहिलंय हे कळायच्या आधीच ते जगाला दिलेलं असतं. मोडी जाणणाऱ्या एकाच माणसाला गाठा.

वडिलांच्या चळवळीच्या कागदांवर मात्र जरा थांबावंसं वाटतं. ते तुम्ही यादीत सगळ्यात शेवटी लिहिलेत. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातली नोटीस असेल, सत्याग्रहाला जाणाऱ्यांच्या याद्या असतील, वर्गणीच्या पावत्या, कोणाच्या घरी कोण उतरलं याच्या नोंदी. हे हरवलं तर जगात दुसरीकडं कुठंही नाही. यांची प्रत नसेल तर ती करायलाच हवी, ट्रंकेतल्या इतर कशाहीपेक्षा आधी. पण त्या याद्यांत नावं दुसऱ्यांची आहेत. काही वारले असतील, काही अजून गल्लीत बसलेले असतील, कोणाची नात सरकारी नोकरीत असेल आणि आजोबांच्या तुरुंगवासाचं तिनं कधी कुठं बोलून दाखवलं नसेल. बहुतेकांना अभिमानच वाटेल. पण ते त्यांनी ठरवायचं. वडिलांनी त्या याद्या ट्रंकेत ठेवल्या होत्या, भिंतीवर लावल्या नव्हत्या. माझं मत स्पष्ट आहे : त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर घरात ठेवा, दुसरी भावाकडं, आणि ड्राइव्हवर ठेवायचीच असेल तर स्वतःचं कुलूप घालून ठेवा. कोणा अभ्यासकाला किंवा वाचनालयाला द्यायची इच्छा झाली तर हयात माणसांना विचारून द्या.

स्वतःचं कुलूप म्हणजे काय, तर फाइल वर चढवण्याआधी तुमच्याच संगणकावर ती सांकेतिक करायची, म्हणजे किल्ली कंपनीकडं जातच नाही. सेव्हन-झिप नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. फोल्डर निवडायचा, पासवर्ड घालायचा, फाइलींची नावंही झाकायचा पर्याय आहे तो घ्यायचा. 'आई अँजिओग्राफी' हे नाव वाचलं तरी निम्मं कळतंच ना. क्रिप्टोमेटर हेच काम ड्राइव्हच्या फोल्डरवर थेट करतं, भाच्याला जमेल. पण यात एक मेख आहे. तो पासवर्ड हरवला तर गूगल, सरकार, भाचा, कोणीही ते उघडून देऊ शकत नाही. तेव्हा तो कागदावर लिहा आणि ट्रंकेत ठेवा. हो, कागदावरच. पासवर्ड लिहून ठेवू नये असं सगळे सांगतात, ते ऑफिसच्या टेबलावर चिकटवणाऱ्यांसाठी. खानापूरच्या ट्रंकेपर्यंत परदेशातला चोर येत नाही. आणि ट्रंकेपर्यंत येऊ शकणाऱ्याच्या हाती मूळ कागद आधीच लागलेले असतात. सगळ्या कागदांना असं कुलूप मात्र घालू नका, दोन महिन्यांत कंटाळून सोडून द्याल. मृत्युपत्र, ठशांचे दस्त, आईचे रिपोर्ट, चळवळीच्या याद्या, बस.

राहिलेलं जे उघडं ठेवायचं ते भाच्याच्या खात्यावरून काढून तुमच्या स्वतःच्या खात्यावर घ्या. त्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडं कुठंही वापरलेला नको. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, म्हणजे पासवर्ड कळला तरी तुमच्या फोनवर विचारल्याशिवाय कोणी आत येणार नाही. गूगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' अशी सोय आहे, खातं अमुक महिने वापरलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं ते आधी सांगून ठेवता येतं. तिथं भावाचं नाव घाला. मग भाच्याला जुना फोल्डर पुसायला सांगा, आणि ड्राइव्हची कचरापेटीही रिकामी करायला सांगा, नाहीतर तिथं तो आणखी तीस दिवस पडून राहतो. त्यानं कोणत्या अ‍ॅपनं स्कॅन केलं तेही विचारा. काही अ‍ॅपं फोटोची एक प्रत आपल्या खात्यावर परस्पर ठेवतात, ती राहिलीच.

घरातल्यापेक्षा लांबची आणि गूगलपेक्षा जवळची अशी एक जागा तुमच्या पत्रात नाही, पण मला ती सतत दिसते. ऑनलाइन सेंटर. सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा असला, दाखला काढायचा असला, की आपण दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, उतारा, पासबुक सगळं पाठवून मोकळे होतो. ते त्याच्या संगणकावर डाउनलोड होतं आणि तसंच पडून राहतं. शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकालाही स्क्रीन दिसत असते. दुकानदार वाईट असतो असं मी म्हणत नाही, त्याला पुसायला वेळ नसतो. काम झालं की त्याच्यासमोर उभं राहून "भाऊ, माझ्या फाइली काढून टाका की" म्हणायला लाजू नका. तिथं स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेल उघडलं असेल तर बाहेर पडताना लॉगआउट करा, विसरलात तर घरी येऊन फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून तोडा. सरकारी पोर्टलला छोटी फाइल लागते म्हणून पीडीएफ लहान करून देणाऱ्या कुठल्याही फुकटच्या वेबसाइटवर पासबुक चढवणारेही कमी नाहीत. ती साइट कोणाची, फाइल तिथं किती दिवस राहते, कोणी विचारत नाही. गूगलला नावं ठेवणाऱ्या मामांनी गेल्या वर्षभरात असं काय काय कुठं दिलं, ते एकदा हलक्या आवाजात विचारून बघा.

कायद्याचं थोडक्यात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ च्या ऑगस्टात एकमतानं सांगितलं. ती याचिका केली होती के. एस. पुट्टस्वामी यांनी, ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. सीमावाद आपल्या जागी, पण याचं श्रेय कर्नाटकाला द्यायला हवं. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. पण माणसानं घरगुती, वैयक्तिक कामासाठी वापरलेली माहिती या कायद्याच्या बाहेर ठेवली आहे. म्हणजे कंपनीला उद्या जाब विचारता येईल, वहिनींना या कायद्यानं विचारता येणार नाही. तिथं तुम्हालाच बोलावं लागेल.

त्यामुळं आता आईकडं येते. तिचे रिपोर्ट स्कॅन करताना, ड्राइव्हवर टाकताना, ग्रुपवर पाठवताना तिला कोणी विचारलं का? पत्रात तसं दिसत नाही. भाच्यानं विचारलं नाही, भावानं नाही, आणि वाईट वाटून घेऊ नका, तुम्हीही नाही. म्हातारी माणसं 'तुम्ही कराल ते' म्हणतात, त्याचा आपण फार सोयीचा अर्थ लावतो. तिला समोर बसवा आणि सांगा, की तुझे रिपोर्ट अमक्या ठिकाणी ठेवणार आहे, मी आणि दादा एवढेच बघणार, रात्री अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर डॉक्टरला दाखवायला हवेत म्हणून. चालेल का? ती नको म्हणाली तर कागदाची फाइल करून कपाटात ठेवा आणि डॉक्टरांची नावं, औषधांची यादी तेवढी फोनमध्ये ठेवा. ट्रंकेतला तो एकच गठ्ठा पूर्णपणे तिचा आहे.

वहिनींशी भांडू नका. त्यांनी विचारलं ते वाईट पद्धतीनं, पण ताट आपणच वाढून दिलं होतं. ग्रुपवर मात्र एक मेसेज टाका, आणि तो भावाकडून जाऊ दे, म्हणजे तुमच्यावर रोख येणार नाही. असा काहीतरी : "बाबांच्या कागदांची लिंक चुकून सगळ्यांना गेली होती, ती बंद केली आहे. कोणी फाइली उतरवून घेतल्या असतील तर कृपया काढून टाका, त्यात सगळ्यांची आधार कार्डं आणि सह्या आहेत. समाईक जमिनीचा कुठलाही कागद कोणाला हवा असेल तर मला सांगा, तो तेवढा पाठवतो." शेवटचं वाक्य गाळू नका. चुलत्यांचा वाटा ज्या कागदात आहे तो त्यांच्यापासून लपवल्यासारखं दिसलं, तर लिंकेपेक्षा मोठं भांडण उभं राहील.

सगळं झालं की ग्रुपवरची जुनी लिंक दुसऱ्या कोणाच्या फोनवरून उघडून बघा. 'परवानगी मागा' असं आलं तर भाच्यानं काम नीट केलंय. आणि एवढं करूनही कोणाच्या खात्यातून पैसे गेलेच, तर बँकेत जाण्याआधी १९३० ला फोन लावा. तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढं जाताना अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. तो नंबर मामांच्या फोनमध्येही घालून द्या.